पीक कापणीचा तुकडा आणि डेटाबेसचा रकाना

प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा जन्मदिवस, २९ जून, हा २००७ पासून राष्ट्रीय सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने विज्ञानवृत्तांत त्यांच्या कार्याचे स्मरण होते आणि ते उचितच आहे. मला मात्र दरवर्षी त्यांचा एक जुना वाद आठवतो. शेतातील उभ्या पिकाचे उत्पन्न ठरवण्यासाठी किती मोठा तुकडा कापून मोजावा, या प्रश्नावर १९४० च्या दशकात एका बाजूस महालनोबिस आणि दुसऱ्या बाजूस पां. वा. सुखात्मे व वि. गो. पानसे ही दोन मराठी माणसे उभी होती. विद्यापीठात डेटाबेस व बिझनेस इंटेलिजन्स शिकणाऱ्या मुलामुलींना मी हा वाद मुद्दाम सांगते. त्याचे कारण मुनिरक्यातील एका संध्याकाळी दडलेले आहे.

जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या कुंपणापलीकडे मुनिरका गाव आहे. गाव म्हणायचे ते नावापुरते. आता तेथे भाड्याच्या खोल्यांच्या चिंचोळ्या इमारती आहेत आणि त्यांत देशाच्या सर्व कोपऱ्यांतून आलेले विद्यार्थी राहतात. मीही तेथेच राहते. माझ्या खालच्या मजल्यावर वऱ्हाडातून आलेली संगणकशास्त्राची एक विद्यार्थिनी राहते. प्रगत डेटाबेसच्या अभ्यासक्रमासाठी तिने महसूल मंडळनिहाय सोयाबीनच्या उत्पन्नाचा एक डॅशबोर्ड तयार केला होता. तो दाखवायला ती वर आली. काम नेटके होते. मधोमध आकड्यांचा मुख्य तक्ता, भोवती पीक, स्थळ, हंगाम आणि वर्ष यांचे चार तक्ते, जिल्ह्यावर बोट ठेवले की तालुके उघडत, तालुक्यावर ठेवले की मंडळे. तिचे स्वतःचे मंडळ हिरव्या रंगात होते. ती म्हणाली, "ताई, बाबांना फोटो पाठवला. ते म्हणतात, एवढं पिकलंच नव्हतं. माझी क्वेरी चुकली का?"

मी क्वेरी तपासली. चूक नव्हती. बेरीज, जोडणी, क्षेत्राचा भार, सारे बरोबर होते. तरीही बाबा खरे की आकडा खरा, हे त्या डेटाबेसमधून कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता. सुखात्मे आणि पानसे यांच्यापुढेही, संगणक नसताना, नेमका हाच पेच होता.

त्या काळी सरकारी पीकअंदाज आणेवारीवर चालत. सोळा आणे म्हणजे साधारण बरे पीक असे धरून यंदाचे पीक किती आणे, ते गावपातळीवरचा कर्मचारी नजरेने ठरवी. त्या आण्यांना क्षेत्राने आणि प्रमाण उत्पन्नाने गुणले की जिल्ह्याचा आकडा तयार. गुणाकार अचूक, पण ज्याला गुणायचे ती संख्या मात्र डोळ्यांची. (पैसेवारी हा शब्द महाराष्ट्रात आजही जिवंत आहे.) १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मेली, तेव्हा देशात धान्य नक्की किती आहे हा प्रश्न केवळ शास्त्रीय उरला नव्हता.

महालनोबिस मूळचे भौतिकशास्त्राचे, केंब्रिजमध्ये शिकलेले आणि कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्रच शिकवणारे. १९३७ पासून त्यांनी बंगालमध्ये तागाची नमुना पाहणी उभी केली. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे सुखात्मे हे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून लंडनला गेले, तेथे १९३६ मध्ये पीएच.डी. झाले आणि १९४० मध्ये दिल्लीला कृषी संशोधन परिषदेच्या सांख्यिकी शाखेत आले. पानसे इंदूरला कापसाच्या संशोधनात होते. वऱ्हाडातील कापसाच्या उत्पन्नाचा अंदाज कापणी प्रयोगांनी बांधण्याचे काम त्यांनी आणि र. ज. काळमकर यांनी हाती घेतले. तालुक्यातून यादृच्छिक गावे, गावातून यादृच्छिक शेते आणि शेतातून यादृच्छिक जागी आखलेला तुकडा, अशी ती उतरती रचना होती. जिल्हा उघडला की तालुका, तालुका उघडला की गाव, हे आजच्या डॅशबोर्डचे वळण या कागदी आराखड्यात आधीच होते.

वाद पेटला तो तुकड्याच्या आकारावरून. महालनोबिसांचा कल लहान वर्तुळाकार तुकडे पुष्कळ संख्येने कापण्याकडे होता. नमुने वाढले की यादृच्छिक चूक घटते, हे तर्कशास्त्र निर्दोष आहे. सुखात्मे यांनी १९४६ मध्ये 'नेचर' नियतकालिकात दाखवले की लहान तुकडे उत्पन्न पद्धतशीरपणे फुगवतात आणि तुकडा जितका लहान तितकी फुगवटी मोठी. कारण साधे आहे. दोरीच्या काठावरचे झाड आत धरावे की बाहेर, असा प्रश्न पडला की मोजणाऱ्याचा हात ते आत ओढतो.

हे कागदावर करून पाहावे. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळात काठाबाहेरची केवळ एक इंचाची पट्टी चुकून आत आली, तर क्षेत्र साडेआठ टक्क्यांनी वाढते. ३३ फूट लांब आणि साडेसोळा फूट रुंद, म्हणजे एक एकराच्या ऐंशीव्या भागाइतक्या आयतात तीच चूक जेमतेम दीड टक्का होते. काठाची लांबी आणि क्षेत्रफळ यांच्या गुणोत्तराचा हा खेळ आहे. थेंब लहान झाला की पृष्ठभागाचे राज्य सुरू होते, हे भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको. दहा नमुने घेतले की यादृच्छिक चूक तिपटीहून अधिक घटते. साडेआठ टक्क्यांची ही चूक दहा नमुन्यांनंतर साडेआठ टक्केच राहते आणि दहा हजारांनंतरही.

महालनोबिसांची बाजू पोकळ नव्हती, हेही नोंदवले पाहिजे. आपले प्रशिक्षित, पूर्णवेळ कर्मचारी काळजीपूर्वक मोजतात, तेथे काठाची चूक नगण्य ठेवता येते, असे त्यांचे म्हणणे होते. महसूल आणि कृषी खात्यांच्या स्थानिक कर्मचाऱ्यांवर विसंबण्यास त्यांचा विरोध होता, तर सुखात्मे व पानसे यांना तेच कर्मचारी हाताशी धरून देशभर परवडेल अशी पद्धत बसवायची होती. शिवाय मानवी चूक पकडण्याची सर्वांत देखणी युक्ती महालनोबिसांचीच: एकाच प्रदेशात दोन स्वतंत्र चमू पाठवायचे आणि त्यांच्या उत्तरांतील तफावत पाहायची. माझ्या मते काठाच्या प्रश्नावर सुखात्मे बरोबर होते आणि मोजणारा कोण, या प्रश्नावर महालनोबिस. पुढे देशात रूढ झाली ती सुखात्मे-पानसे यांची पद्धत.

१९५१ मध्ये सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत रोमला गेले आणि दिल्लीची धुरा पानसे यांच्याकडे आली. १९५९ मध्ये पुसा येथे, मुनिरक्यापासून दहा-बारा किलोमीटरवर, या शाखेची संस्था झाली. आजची भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्था ती हीच. तेथे १९६४ मध्ये आयबीएम १६२० संगणक बसला, १९७७ मध्ये बरोज बी-४७०० आला आणि १९८५-८६ पासून कृषीतील संगणक उपयोजनाचा एम.एस्सी. अभ्यासक्रम सुरू झाला. या शतकाच्या प्रारंभी, परिषदेच्या इतर संस्थांच्या सहभागाने, देशाच्या कृषीविषयक आकड्यांचे एक केंद्रीय डेटा वेअरहाऊसही तेथे उभारले गेले. बिझनेस इंटेलिजन्स म्हणजे केवळ दुकानांच्या विक्रीचा हिशेब, असे समजणाऱ्यांनी हा प्रकल्प अवश्य अभ्यासावा.

दरम्यान जगात डेटाबेसचे शास्त्र आपल्या वाटेने चालले होते. १९७० मध्ये एडगर कॉड यांनी संबंधाधारित प्रतिमान मांडले. आकडे यंत्रात कसे रचले आहेत हे विचारणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज नसावी, हा त्यातील मुक्त करणारा विचार. १९८९ मध्ये एल्मास्री आणि नवाथे यांचे पाठ्यपुस्तक आले. बेर सरायच्या दुकानांतून त्याच्या जुन्या प्रती आजही हातोहात फिरतात. १९९६ मध्ये जिम ग्रे आणि सहकाऱ्यांनी 'क्यूब' ही संकल्पना मांडली. चार मिती असतील तर बेरजा करण्याचे प्रकार दोनाचा चौथा घात, म्हणजे सोळा. त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबईत व्हीएलडीबी ही विशाल डेटाबेसांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तेथे या सर्व बेरजा काटकसरीने कशा कराव्यात यावरील एक निबंध वाचला गेला. लेखकांत प्रसाद देशपांडे आणि पुढे आयआयटी मुंबईत अध्यापन करणाऱ्या सुनीता सरावगी यांची नावे आहेत. सूक्ष्म बेरीज एकदा केली की स्थूल बेरीज तिच्यातूनच काढता येते. मूळ आकड्यांकडे सोळा वेळा जाण्याचे कारण नाही.

विद्यार्थी हे सारे शिकतात. सरासरीची सरासरी घ्यायची नसते, हेही शिकतात: शंभर हेक्टरांच्या गावात हेक्टरी दहा क्विंटल आणि दहा हेक्टरांच्या गावात वीस, तर एकत्रित उत्पन्न पंधरा नसून १०.९ असते. ग्रे यांच्या त्याच निबंधातील वर्गवारी वाचली तर संख्या, बेरीज आणि वर्गांची बेरीज हे तीन आकडे जपले की विचलनही वरच्या पातळीवर नेता येते, हे त्यांच्या ध्यानात येते. पण आकडा कसा मोजला, हा प्रश्न अभ्यासक्रमात सहसा येत नाही. यंत्रातील रचना लपवावी हे कॉड यांचे म्हणणे होते. मोजमापाची कुळकथा लपवावी असे त्यांनी कोठेही म्हटलेले नाही, आणि आपण शिकवताना दोन्ही लपवून बसलो आहोत.

हे मी दुसऱ्यांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी तीन आठवडे मी एका नव्या प्रावस्था-संक्रमणाच्या आनंदात होते. आलेखात एका ठिकाणी स्वच्छ उडी दिसत होती. ती उडी पदार्थाची नव्हती. त्या दिवशी कुणीतरी तापमापक बदलला होता आणि आमच्या तक्त्यात तापमापकाचा रकानाच नव्हता. माझे नुकसान तीन आठवड्यांचे झाले.

शेतकऱ्याचे होते ते रुपयांचे. २०१६ च्या खरिपापासून लागू झालेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेत पीक कापणी प्रयोगांवरून काढलेले मंडळाचे सरासरी उत्पन्न उंबरठा उत्पन्नाशी ताडून पाहिले जाते. प्रमुख पिकासाठी एका मंडळात किमान दहा प्रयोग असतात. समजा उंबरठा हेक्टरी दहा क्विंटल आहे, खरे उत्पन्न आठ आहे आणि विमा संरक्षित रक्कम ४०,००० रुपये आहे. तूट वीस टक्के, म्हणून भरपाई ८,००० रुपये. आता पाच मीटर बाजूचा चौरस आखताना अडीच सेंटिमीटरची पट्टी सर्व बाजूंनी आत आली. क्षेत्र दोन टक्के वाढले, उत्पन्न ८.१६ दिसले आणि भरपाई ७,३६० वर आली. उत्पन्नातील दोन टक्क्यांनी भरपाईतील आठ टक्के खाल्ले, कारण वजाबाकीत लहान चूक मोठी होते. दोन फुटी वर्तुळ असते तर ८,००० चे ५,२८० झाले असते. सुदैवाने इतका छोटा तुकडा आज कुणी कापत नाही, आणि त्याचे श्रेय १९४६ च्या त्या टिपणाकडे जाते. कापणीची नोंद आता मोबाइल ॲपवर, स्थान आणि छायाचित्रांसह होऊ लागली आहे, हीही चांगली गोष्ट आहे. पण विद्यार्थ्यांच्या हाती येतो तो बहुधा शेवटचा, सरासरीचा आकडा.

हे सर्व त्या संध्याकाळी मी तिला चहाबरोबर ऐकवले. दुसऱ्या दिवशी तिने मुख्य तक्त्याला जोडून आणखी एक तक्ता रचला: तुकड्याची लांबी, रुंदी, मोजणाऱ्याचे पद, वजन ओले की वाळवून, दुसऱ्या चमूची तपासणी झाली का, आणि शेवटी काठावरच्या झाडांविषयीचा रकाना. त्यासाठी तिने घरी फोन लावला. बाबांचे शेत प्रयोगासाठी निवडले गेले नव्हते, शेजारच्यांचे गेले होते. ते म्हणाले, दोरी लावताना मी होतो, पण कापताना चहा सांगायला गेलो होतो, शेजाऱ्याला विचारून सांगतो. आम्ही त्या रकान्यात तूर्त 'नल' ठेवले आहे, आणि मंडळाचा हिरवा रंग तिने राखाडी केला आहे.