चौकोनी बुडख्याची सोयरीक

न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स संग्रहालयात मेरोद वेदीचित्र आहे. रॉबेर काम्पँ या चित्रकाराच्या कार्यशाळेत ते 1427 ते 1432च्या सुमारास तयार झालं. मधल्या भागात मेरी आणि देवदूत आहेत, पण सुतारकामाचं वेड असलेल्याची नजर खिळते ती उजवीकडच्या भागावर. तिथे जोसेफ एका फळीला भोकं पाडत बसलाय, आणि त्याच्या हातात ब्रेस, म्हणजे बाकदार दांड्याचं भोकं पाडायचं हत्यार, आहे. युरोपातल्या ब्रेसच्या अगदी जुन्या चित्रांपैकी हे एक.

साध्या गिरमिटाला दर अर्ध्या फेऱ्याला हात बदलावा लागतो आणि कमानीचा सामता उलटसुलट फिरतो. ब्रेसच्या बाकदार दांड्यामुळे हात न थांबता एकाच दिशेने फिरू लागला. अडचण होती ती वेगळीच. भोकाचा आकार बदलला की बिट, म्हणजे भोक पाडणारं पातं, बदलायचं; पण ते धरून कसं ठेवायचं?

जुन्या लाकडी ब्रेसवरचा उपाय सरळ होता. प्रत्येक बिट स्वतंत्र लाकडी ठोकळ्यात कायमचं बसवायचं आणि ठोकळ्यासकट ब्रेसमध्ये खोचायचं.

पुढे इंग्लंडमधल्या शेफील्डच्या कारागिरांनी ठोकळा काढून टाकला. ब्रेसच्या तोंडाशी पितळी खोबण आणि आत स्प्रिंगचा खटका; बिटाचा बुडखा चौकोनी, निमुळता, त्यावर कानशीने पाडलेली खाच. बिट आत सरकवलं की खटका खाचेत बसतो, बटण दाबलं की सुटतो. झकास रचना, पण मेख खाचेत होती. खटका जिथे येईल तिथेच ती हवी, आणि ती जागा दर ब्रेसची निराळी. म्हणून ब्रेस आणि बिटं जुळवूनच विकली जात. एका घरची बिटं दुसऱ्या घरी नांदत नसत. शेफील्डच्याच विल्यम मार्पल्सचा आबनूस आणि पितळेचा ‘अल्टिमेटम’ ब्रेस आज संग्राहक जपून ठेवतात; त्याची मूळ बिटं हरवलेली असली, तर नव्या बिटावर आधी कानस चालवावी लागते.

ही सोयरीक मोडली अमेरिकेने. 1859मध्ये स्पॉफर्डने चिरलेल्या तोंडाचा ब्रेस काढला. बाजूचा स्क्रू आवळला की तोंड मिटून बुडखा पकडतं, खाचेची गरजच नाही. 1864मध्ये विल्यम बार्बरने पेटंट घेतलेला चक, म्हणजे बिट धरणारी पकड, त्याहून सरस ठरला. बाहेरचं आट्यांचं कवच फिरवलं की आतले दोन जबडे जवळ येतात, आणि त्यांच्या खोबणी बुडख्याच्या कोपऱ्यांना धरतात. कोपरे धरायचे म्हटल्यावर बुडखा थोडा जाड-बारीक असला तरी बिघडत नाही. मॅसॅच्युसेट्सच्या मिलर्स फॉल्स कंपनीने हा चक घरोघरी पोहोचवला.

तोवर बिटही सुधारलं होतं. कनेक्टिकटच्या रसेल जेनिंग्जच्या 1855च्या पेटंटातलं दुहेरी पिळाचं बिट टोकाच्या स्क्रूने स्वतःच लाकडात ओढलं जातं. अशा बिटांच्या बुडख्यावरचा आकडा इंचाच्या सोळाव्या भागांत असतो: 4 म्हणजे पाव इंच, 8 म्हणजे अर्धा. 4 ते 16 अशा तेरा बिटांच्या पेटीवर मात्र ‘32½’ लिहिलेलं सापडतं. हा कुठल्याच बिटाचा आकार नव्हे. सगळ्यांचे व्यास जोडले की 130 सोळांश इंच होतात, म्हणजेच साडेबत्तीस पाव-इंच. बेरजेलाच संचाचं नाव करणारा व्यापारी पक्का हिशेबी असला पाहिजे!

जुन्या बाजारात ब्रेस हाती लागला, तर आधी त्याचे जबडे उघडून पाहावेत. आतल्या खोबणी शाबूत असतील, तर शेफील्डची खाच पडलेलं बिटही बार्बर चकात बसतं. हल्लीच्या गोल दांड्याच्या ड्रिलला मात्र कोपरेच नसतात. साध्या दोन जबड्यांत ते जोर लावताच जागच्या जागी फिरतं. अशा ड्रिलसाठी तीन जबड्यांच्या चकाचं दातेरी चाकवालं हातड्रिल बरं. ब्रेससाठी चौकोनी बुडख्याचीच बिटं शोधावीत.