मोटारीतला रेडिओ आणि ठिणग्यांची खरखर

जून १९३०. अमेरिकेवर महामंदीचे सावट होते. शिकागोच्या पॉल गॅल्विन यांनी आपल्या स्टुडबेकर मोटारीत रेडिओ बसवला आणि ते अटलांटिक सिटीच्या रेडिओ-उत्पादकांच्या संमेलनाला गेले. आत त्यांचे दालन नव्हते. मोटार बाहेरच उभी करून त्यांनी रेडिओ मोठ्याने लावला. मागण्या आल्या, कारखाना तगला. त्या रेडिओचे नाव मोटोरोला.

त्यामागे दोन अडचणींवर मात होती. व्हॅक्यूम ट्यूबना शंभराहून अधिक व्होल्ट लागत. मोटारीची बॅटरी ६ व्होल्टची. म्हणून वेगळ्या बॅटऱ्या तळाशी बसवल्या जात. दुसरी अडचण स्पार्क प्लगच्या ठिणग्यांची. त्यांची खरखर दाबण्यासाठी प्लगच्या तारांवर रेझिस्टर लावत.

पुढे व्हायब्रेटर आला. तो बॅटरीचा प्रवाह सतत तोडून-जोडून ट्रान्सफॉर्मरकडे पाठवी आणि दाब वाढे. आजच्या शक्तिशाली कार अॅम्प्लिफायरमध्ये १२ व्होल्ट वाढवण्याचे तेच काम ट्रान्झिस्टर करतात.

खरखरीचा शत्रूही जुनाच. म्हणून अर्थिंगची तार रंग खरवडलेल्या धातूवर घट्ट बसवावी लागते आणि गेन हेड युनिटच्या सिग्नलशी जुळवावा लागतो. गेन म्हणजे आवाजाची कळ नव्हे; तो गरजेपेक्षा चढवला, तर गाण्यासोबत १९३० ची खरखरही परत येते.