पोटाचा एमआरआय : गाठ शोधण्याची तंत्रे

यकृत, स्वादुपिंड, मूत्रपिंड, अधिवृक्क ग्रंथी यांतील गाठी, पुटी आणि गळवे शोधण्याची तपासणी. बहुधा सोनोग्राफीत काही संशयास्पद दिसल्यावर ती सांगितली जाते. एकाच बैठकीत अनेक तंत्रांनी चित्रे घेतात, कारण गाठ पटकन दाखवणारे तंत्र ती कशाची हे सांगेलच असे नाही.

टी-२ चित्रात पाणी पांढरे दिसते, त्यामुळे साधी पुटी आणि हिमॅन्जिओमा (रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ) लख्ख उठून दिसतात. १९८४मध्ये डिक्सन यांनी मांडलेल्या पद्धतीत पाणी आणि चरबीचे संकेत एकमेकांविरुद्ध येतात व दोन्ही असलेली जागा काळवंडते. अधिवृक्कातला ॲडेनोमा (निरुपद्रवी गाठ) बहुधा यावरच ओळखतात. स्वादुपिंडासाठी चरबी दाबलेले टी-१ चित्र मोलाचे : निरोगी ग्रंथी उजळ, कर्करोग सहसा गडद.

यकृतात पसरलेल्या कर्करोगाच्या सेंटिमीटरहून लहान गाठी डिफ्यूजन चित्रात (पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपणाऱ्या) चमकतात, म्हणून चांगल्या सापडतात. पण गळवातला पूही तसाच चमकतो, निरोगी प्लीहासुद्धा. अमीबाजन्य गळू आपल्याकडे नवे नाही. तेव्हा नुसत्या डिफ्यूजनवर निदान करणे धोक्याचे. तिथे गॅडोलिनियम या उजळकाचे (कॉन्ट्रास्टचे) इंजेक्शन उपयोगी पडते. यकृताचा मूळ कर्करोग साधारण अर्ध्या मिनिटात, धमनी-टप्प्यात, उजळतो आणि पुढे फिका पडतो. हिमॅन्जिओमा कडेने ठिपक्याठिपक्यांनी आत भरत जातो. गॅडोक्सेटिक आम्ल हे गॅडोलिनियमचेच उजळक निरोगी यकृतपेशी शोषून घेतात, म्हणून सुमारे २० मिनिटांनी पसरलेल्या गाठी काळ्या उरतात.

हे सगळे श्वासावर अवलंबून. ‘श्वास घ्या, सोडा, रोखा’ ही सूचना १५-२० सेकंद पाळावी लागते. भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गावात ती मराठीत, हिंदी-उर्दूत आणि पद्मशाली विणकर कुटुंबांतल्या रुग्णाला तेलुगूतही समजली पाहिजे. मागाच्या खडखडाटात उमेदीची वर्षे घालवलेल्या कामगाराला आधीच कमी ऐकू येत असेल, तर कानावर हेडफोन आणि भोवती यंत्राचा ठोका असताना ती पोचतच नाही. आत नेण्यापूर्वी सराव करून घेणे हाच खरा उपाय. श्वास रोखणे जमतच नसेल, तर चालू श्वासात रेडियल पद्धतीने (केंद्रातून जाणाऱ्या रेषांनी माहिती टिपून) चित्रे घेतात. धमनी-टप्प्याची नेमकी वेळ थोडी निसटते, पण हललेल्या चित्रांपेक्षा ही चित्रे बरी.

३ टेस्ला चुंबकशक्तीचे यंत्र १.५ टेस्लापेक्षा सरस, हा समज पोटाच्या बाबतीत पुरता खरा नाही. पोटात पाणी साठलेल्या रुग्णात ३ टेस्लावर चित्राच्या मधोमध गडद पट्टे उमटू शकतात, तिथे १.५ टेस्लाच पसंत करावे.