वितंचकाचे गोत्र

एन्झाइमला मराठी परिभाषेत दोन प्रतिशब्द मिळाले, विकर आणि वितंचक. उच्चाराला सोपा म्हणून विकर पुढे गेला असावा. वितंचक मागे पडल्याची मला मनापासून हळहळ वाटते, कारण त्याचे गोत्र फार जुने आहे.

त्यातला धातू तञ्च्, म्हणजे आक्रसणे, घट्ट होणे, साकळणे. दूध ज्याने विरजते ते ‘आतञ्चन’, आपले विरजण. तैत्तिरीय संहितेत सांनाय्याचे, म्हणजे यज्ञातल्या दूध-दह्याच्या आहुतीचे, दूध कशाने विरजावे याची चर्चाच आहे. पूतीक वनस्पती, पळसाची साल, तांदूळ, दही असे पर्याय येतात आणि कोणते विरजण कोणत्या देवतेचे तेही सांगितले आहे. तक्र हा शब्दही याच धातूचा असावा. तसे असेल तर आपले ताक हे वितंचकाचे भावंड ठरते आणि ‘घट्ट’ अर्थाचा इंग्रजी ‘टाइट’ दूरचा चुलतभाऊ. विकर वरवर पाहता निराळा वाटतो, पण वि आणि कृ यांतूनच विकार झाला, आणि दर्शनग्रंथांत विकाराचे नेहमीचे उदाहरण कोणते? दुधाचे दही!

ग्रीकांचा ओढा मात्र पिठाकडे. हायडेलबर्गच्या विल्हेल्म क्यूने यांनी १८७०च्या दशकात ‘एन्झाइम’ घडवला तो ‘एन’ म्हणजे आत आणि ‘झ्यूमे’ म्हणजे खमीर यांतून. या झ्यूमेचा संबंध संस्कृत यूषाशी लावतात. वैद्यकातले मुद्गयूष, म्हणजे मुगाचे कढण, ते हेच. खमीर आपल्याकडे अरबीतून फारसीमार्गे आला. त्याच ख-म-र धातूचा खम्र म्हणजे मद्य, आणि खुमार म्हणजे मद्य उतरतानाची अवस्था. मराठीत खुमारी उरली, मद्य गळून गेले. संस्कृतातले किण्वही मद्याचेच. त्याची कृती अर्थशास्त्रात आहे आणि चार्वाकांनी चैतन्याची उपपत्ती त्याच्याच दृष्टान्ताने मांडली.

क्यूनेंना नवा शब्द हवा होता तो जिवंत किण्वापासून निर्जीव द्रव्य वेगळे दाखवायला. १८९७ मध्ये एदुआर्द बुखनर यांनी यीस्टच्या पेशी चिरडून काढलेल्या रसानेही साखर आंबते हे दाखवले. म्हणजे ‘खमिरातले’ द्रव्य खमिराबाहेरही काम करते! नावातला ‘आत’ तिथेच सैल झाला असे मला दिसते. पुढे तर एका जीवाणूचे वितंचक दुसऱ्याच्या पोटी जन्मू लागले.

अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानाच्या उष्ण झऱ्यांत थॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांना ७० अंशांच्या आसपास सुखाने वाढणारा जीवाणू सापडला. १९६९ मध्ये त्याला नाव दिले थर्मस ॲक्वाटिकस. त्याचे डीएनए घडवणारे वितंचक म्हणजे टॅक पॉलिमरेझ. ‘टॅक’ हे त्या नावाच्या आद्याक्षरांतून. (ताकाशी ध्वनिसाम्य निव्वळ योगायोगाचे.) पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या तंत्रात, प्रत्येक फेरीला डीएनए ९५ अंशांपर्यंत तापवावा लागतो. आधी वापरात असलेली पॉलिमरेझे त्या उष्णतेत निकामी होत, हे टिकते. पण मूळ जीवाणूत त्याचा साठा अगदी थोडा. म्हणून त्याचे जनुक ई. कोलाय या जीवाणूत घातले, ते काम १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. मग शुद्धीकरणाची एक सुरेख सोय हाती आली. पेशी फोडून रस ७५ अंशांना तापवला की ई. कोलायची बहुतेक प्रथिने साकळून खाली बसतात आणि टॅक वर विरघळलेले राहते. इथे साकळतात ती यजमानाची प्रथिने, वितंचक नव्हे. तञ्च् धातूचा अर्थ असा उलट बाजूने खरा होतो.

जन्म कुठेही होवो, नाव झऱ्याचेच राहिले, गाव सुटलेल्या माणसाच्या ‘कर’ लागलेल्या आडनावासारखे. थर्मस हा ग्रीक थर्मोसचा लॅटिन अवतार, म्हणजे ऊन. त्याचा सगोत्र संस्कृत घर्म, आणि फारसी गर्म, ज्याचे आपण गरम केले. घर्माचा प्राकृतात घम्म, मराठीत घाम. उष्णता गेली, तिच्यामुळे पाझरणारे पाणी राहिले. वेदकाळी प्रवर्ग्यविधीत तापवलेल्या दुधालाही घर्मच म्हणत, आणि घामाइतका हा अर्थ मराठीला का भावला नाही, हे कोडे मला अजून सुटायचे आहे.