वृत्तपत्रांनी टाकलेले कॅमेरे

चार बाय पाच इंचाच्या सुट्या फिल्मवर चित्र घेणारा कॅमेरा हौशी माणसाच्या आवाक्यात आला, तो मुख्यतः अमेरिकी वृत्तपत्रांनी तो टाकून दिल्यामुळे. फोल्मर अँड श्विंग ही न्यूयॉर्कची कंपनी सुरुवातीला गॅसचे दिवे आणि सायकली यांच्या धंद्यात होती. १९०५ साली कोडॅकच्या जॉर्ज ईस्टमनने ती विकत घेतली आणि रॉचेस्टरला नेली. तिथे १९१२ साली ‘स्पीड ग्राफिक’ तयार झाला. पुढे ही कंपनी कोडॅकपासून वेगळी झाली आणि ग्राफ्लेक्स या नावाने ओळखली जाऊ लागली.

स्पीड ग्राफिक म्हणजे मिटवला की चौकोनी पेटी आणि उघडला की भाता, लेन्स व पुढे सरकणारी पट्टी. त्याचे वैशिष्ट्य फिल्मच्या अगदी पुढे असलेल्या कापडी पडद्याच्या शटरमध्ये होते. सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत त्याचा वेग जाई, म्हणून नावात ‘स्पीड’. फिल्म मोठी असल्याने चित्राचा हवा तेवढाच तुकडा कापून छापता येई, त्यामुळे धावपळीत चौकट थोडी चुकली तरी बातमी वाया जात नसे. जो रोझेन्थलने २३ फेब्रुवारी १९४५ रोजी इवो जिमा बेटावर ध्वज उभारणाऱ्या सैनिकांचे छायाचित्र घेतले ते याच कॅमेऱ्यावर. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांच्या हातीही स्पीड ग्राफिक होता.

१९४७ साली ‘पेसमेकर’ मालिका आली. तिच्यात ‘क्राउन ग्राफिक’ हा मागचे शटर नसलेला, त्यामुळे हलका आणि स्वस्त भाऊ होता. १९४९पासून मागच्या बाजूला ग्राफलॉक ही बैठक मिळू लागली. तिच्यावर रोल फिल्मचा होल्डरही बसे. त्यानंतर मात्र रोलिफ्लेक्स आणि ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यांनी वृत्तपत्रांची कचेरी काबीज केली. एका वेळी दोनच फिल्म धरणारे होल्डर खांद्यावर लादून धावायला कोण तयार होणार? १९७३मध्ये ग्राफ्लेक्सचा कारभार आटोपला आणि दणकट, लेन्ससकट मिळणारे हे कॅमेरे जुन्या बाजारात पडून राहिले. त्यांच्या फ्लॅशच्या दांडीचे नशीब वेगळे निघाले. १९७७च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये प्रकाशाच्या तलवारीची मूठ म्हणून ती वापरली गेली आणि सिनेमावेड्यांनी तिचे भाव चढवले.

स्पीड की क्राउन, हा हौशी लोकांचा जुना वाद आहे. स्वतःचे शटर नसलेली जुनी लेन्स वापरायची असेल तरच स्पीडचे ओझे सार्थकी लागते. दुसऱ्या महायुद्धात हवाई टेहळणीसाठी बनवलेली कोडॅकची एरो एक्टर अशीच लेन्स आहे. डेव्हिड बर्नेट या अमेरिकी वृत्तछायाचित्रकाराने एकविसाव्या शतकातही ती स्पीड ग्राफिकवर चढवून काम केले. बाकीच्यांना क्राउन पुरतो, आणि कुजू शकणाऱ्या कापडी पडद्याची चिंताही टळते.

दोन्हींची खरी मर्यादा त्यांच्या जन्मातच आहे. वृत्तछायाचित्रकाराला लेन्स वाकवण्याची फारशी गरज नव्हती. म्हणून पेसमेकरची पुढची चौकट वर व आडवी सरकते आणि मागे झुकते, पण पुढे झुकत नाही. पायाजवळच्या दगडापासून दूरच्या डोंगरापर्यंत सगळे स्पष्ट हवे असेल तर नेमका पुढचा झुकाव लागतो. मागची बाजू तर जागची हलतच नाही. व्यक्तिचित्रे घेणाऱ्याला याचे काही वाटत नाही, इमारती आणि निसर्गचित्रे घेणारा मात्र लवकरच वैतागतो.

अशांसाठी दुसरा स्वस्त मार्ग स्टुडिओंमधून आला. शिकागोच्या कॅल्युमेट कंपनीने १९५०च्या दशकात कोडॅकच्या आराखड्यावरून एका दांड्यावर बसवलेला धातूचा कॅमेरा काढला. तो पुढे-मागे दोन्हीकडे वाकतो आणि वळतो. पेटीसारखा मिटत नाही आणि वजनाला जड, म्हणून डोंगरावर न्यायचा तर हौस दांडगी हवी. पुढे डिजिटल तंत्र आले तसे स्टुडिओंनी असे आणखी कॅमेरे मोडीत काढले, आणि ज्यांची किंमत पूर्वी फक्त व्यावसायिकाला झेपे तेही आवाक्यात आले.

नवा कोरा स्वस्त कॅमेरा मिळायला २०१४ साल उजाडावे लागले. इंग्लंडमधील ब्रायटनच्या इंट्रेपिड कंपनीने लोकवर्गणीतून पैसे उभारून प्लायवूडचा हलका, घडीचा कॅमेरा बनवला. त्याच्यासोबत लेन्स येत नाही. ती बहुधा जुन्या बाजारातूनच आणावी लागते, कारण अशा लेन्सवर बसणारी कोपल आणि कॉम्पुर ही शटरे आता बनत नाहीत. जुनी लेन्स घेताना शटरला एक सेकंदाचा वेग लावून ऐकण्याची रीत आहे. तेल घट्ट झालेले शटर मध्येच अडखळते. जुन्या कॅमेऱ्याच्या भात्यात मात्र अंधाऱ्या खोलीत विजेरी धरून घड्यांचे कोपरे बाहेरून पाहतात, कारण बारीक छिद्रे तिथेच पडतात.