पाम हाऊस, क्यू

लंडनमधील क्यू येथील रॉयल बोटॅनिक गार्डन्स या वनस्पतिउद्यानातील लोखंड व काच यांनी बांधलेले ऐतिहासिक वनस्पतिगृह (१८४४–४८). राजघराण्याचे हे उद्यान १८४० मध्ये शासनाकडे आले. पुढील वर्षी सर विल्यम जॅक्सन हूकर त्याचे संचालक झाले. उष्ण कटिबंधातील ताडामाडांसारखे उंच वृक्ष इंग्लंडच्या थंड हवेत वाढविता यावेत, यासाठी त्यांच्या कारकीर्दीत ही वास्तू उभारण्यात आली.

तिचे श्रेय दीर्घकाळ वास्तुशिल्पज्ञ डेसिमस बर्टन यांनाच दिले जाई. घाटाचा डौल व अलंकरणातील संयम बर्टन यांचा, हे खरे; तथापि रचनेचे मर्म डब्लिनचे लोहकाम-व्यावसायिक रिचर्ड टर्नर यांच्या कल्पनेत आहे. जहाजाच्या डेकखाली घालीत त्या प्रकारच्या घडीव लोखंडाच्या तुळया वाकवून त्यांनी कमानी केल्या. त्यामुळे मध्यभागी स्तंभांची गर्दी टळली व वृक्षांना सु. २० मी. उंचीपर्यंत मोकळी जागा मिळाली. वास्तूची लांबी सु. ११० मी. असून मध्यदालनात चक्री जिन्याने ९ मी. उंचीवरील सज्जात जाता येते. तेथून वृक्षांचे शेंडे जवळून पाहावयास मिळतात.

कडक उन्हाने पाने करपू नयेत म्हणून रॉबर्ट हंट यांच्या सल्ल्याने कॉपर ऑक्साइडयुक्त हिरवट काच बसविण्यात आली. लंडनच्या धुरकट आकाशाखाली मुळातच प्रकाश कमी. म्हणून पुढे साधी काच वापरात आली. तळघरातील बाष्पित्रांचा धूर भुयारातून दूरच्या मनोऱ्यात सोडण्याची योजनाही अशीच फसली. मनोरा दिसावयास देखणा, पण भुयार लांब असल्याने धूर नीट ओढला जात नसे. शिवाय शेजारील तळ्यामुळे तळघरात पाणी शिरे.

वनस्पतींना पोषक असलेली दमट, उष्ण हवा लोखंडाला मात्र मारक ठरली. १९५५–५७ मध्ये मोठी दुरुस्ती करूनही गंज थांबला नाही. अखेरीस १९८४–८८ मध्ये सर्व वनस्पती हलवून गृह प्रथमच पूर्ण रिकामे करण्यात आले. काच बसविण्याच्या जुन्या पट्ट्यांच्या जागी अगंज पोलादाच्या पट्ट्या आल्या व सु. १६,००० तावदाने नव्याने बसविण्यात आली. फ्रान्सिस मॅसन यांनी १७७५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आणलेला कुंडीतील सायकॅड वृक्षही त्यानंतर येथे परतला. १९९० मध्ये हे वनस्पतिगृह पुन्हा लोकांसाठी खुले झाले.