खोडांतील पाणी

लोणावळ्याजवळील कुरवंडे गांवावरून एक जुनी घाटवाट कोंकणांत उतरते. २ फेब्रुवारी १६६१ रोजीं ह्याच वाटेनें उतरलेल्या कारतलबखानाच्या मोंगल फौजेस शिवाजी महाराजांनीं उंबरखिंडींत कोंडलें. पुढें मराठे, मागें मराठे, दोहों बाजूंस दाट रान. फौज तहानेनें व्याकुळ झाली, आणि रायबागन ह्या बाणेदार स्त्रीच्या सल्ल्यानें खान शरण आला.

माणसें जेथें पाण्यावांचून तळमळत होतीं, तेथेंच भोंवतालचे वृक्ष जमिनींतील पाणी शेंड्यापर्यंत चढवीत होते. खोड हें काम कसें करतें, ह्याचा उलगडा तेव्हां व्हावयाचा होता. पुढें १६७५ सालीं माल्पीगी ह्या इटालियन वैद्याचा व १६८२ सालीं ग्रू ह्या इंग्रज वैद्याचा वनस्पतींच्या अंतर्रचनेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. माल्पीगीनें खोडावरील सालीचें कडें काढून पाहिलें, तों कापाच्या वरची बाजू फुगली. पानांत तयार झालेला अन्नरस सालींतून खालीं उतरतो, ह्याचा हा पुरावा होता. पाणी मात्र लांकडांतील सूक्ष्म नळ्यांतून वर जातें. पानांतून वाफ निघून जाते आणि तिच्यामागें पाण्याचा अखंड धागा वर ओढला जातो, अशी उपपत्ति डिक्सन व जोली ह्यांनीं १८९४ सालीं मांडली.

साल आणि लांकूड ह्यांच्यामध्यें वाढीचा एक पातळ थर असतो. तो आंत नवें लांकूड व बाहेर नवी साल घडवितो. मधला जुना गाभा पाणी वाहत नाहीं, केवळ आधार देतो. म्हणूनच पोकळ झालेलें झाड वर्षानुवर्षें जगतें. पण भोंवतालची साल सोललेल्या धडधाकट झाडाचीं मुळें उपाशी पडून तें मरतें. बांबूंत हा थर नसतो. त्याचा कोंब जमिनींतून निघतो तोच पुऱ्या जाडीचा. वृक्षाचें खोड मात्र थरावर थर चढून जाड होतें, आणि त्यास माणसाचें अर्धें आयुष्य लागतें.

ही गोष्ट मराठी राज्यकर्त्यांनीं सूक्ष्मदर्शकावांचून ओळखली होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत, सुमारें १७१५ सालीं, आरमारासाठीं लांकूड तोडण्याचे नियम आहेत. आंबा, फणस ह्यांस हात लावूं नये, कारण हीं झाडें वर्षां-दोन वर्षांत होत नाहींत. रयतेनें तीं लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात, असें तेथें बजाविलें आहे. फारच जीर्ण झाड हवें असेल, तर धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावें.

कुऱ्हाडीस घटकाभर पुरते. त्या थरास पिढी लागते. राज्य चालविणाऱ्यास हा हिशेब ठाऊक असावा लागतो, आणि झाड तोडावयास निघणाऱ्यासही.